एका दोऱ्यातली पत्ताकोबी

“उद्या तू स्वयंपाकघरात पायही ठेवायचा नाई! इवाई येऊन राह्यले, स्वयंपाक मी करतो!”

पुंडलिकरावांनी हे जाहीर केलं तेव्हा लीलाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. जाहीर केलं, हाच शब्द बरोबर. उमरखेडच्या बसस्थानकावर सारी नोकरी माईकसमोर काढलेला माणूस तो! आता निवृत्त झाले होते, पण आवाज निवृत्त व्हायला तयार नव्हता. घरात चहा मागितला तरी गल्लीतल्या एखाद्याला वाटायचं, पुसदची गाडी लागली.

“तुमी?” लीलाबाई म्हणाल्या. “परवा दूध उतू गेलं तं तुमी त्याले शिट्टी मारली!”

“दूध तापवणं हलकं काम आहे. म्हणून जमत नाई. मोठं काम मले बरोबर जमते.”

या जिद्दीला कारण होतं. लेक वर्षा मुकुटबनला दिलेली. दिवाळीत दोघं तिच्याकडे गेले, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे उद्या येणाऱ्या इवायांनी, नानाजींनी, स्वतःच्या हातानं मशरूमची भाजी करून वाढली. पुंडलिकरावांनी ती दोनदा मागून खाल्ली, तोंड भरून वाखाणली आणि घरी आल्यावर जेवण सोडलं. कापसाच्या पऱ्हाटीतून उठून आलेला माणूस मशरूम करतो, आणि आपण त्याला वांग्याची भाजी घालायची? छे! तेव्हापासून ते मोबाईलवर काहीतरी जबरदस्त शोधत होते. शेवटी सापडलं. कोण्या बर्फाळ मुलखातली एक आजी पत्ताकोबीच्या पानांत भात भरून, पानं गुंडाळून, टमाट्याच्या रश्श्यात शिजवत होती. आजी काय बोलते ते अक्षरही कळत नव्हतं, पण चेहरा विश्वासू होता.

“गुंडाळायचंच हाये तं सांबारवडी करा,” लीलाबाई म्हणाल्या. “कोथिंबीर घरात आहे.”

“सांबारवडी सारा जिल्हा करते!”

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकरावांनी कमरेला दुपट्टा बांधला आणि आतून कडी लावली. सारणात काही अडचण आली नाही. भात, तुरीचे सोले, कांदा, लसूण, हिरवी मिरची. चव घेतली, फक्कड! खात्री करायला पुन्हा घेतली.

अडलं ते कोबीवर. आजीच्या हातात पान कसं खांद्यावरच्या शालीसारखं उतरत होतं. पुंडलिकरावांच्या हातात जे आलं ते बसच्या तिकिटापेक्षा लहान होतं! एक गड्डा असाच गेला, दुसराही गेला. ओट्यावर हिरवा कचरा असा साचला की बकरी आली असती तर गहिवरली असती. मग त्यांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. आजीनं गड्डा आधी अख्खा उकळला होता! उरलेला एकुलता एक, घागरीएवढा गड्डा त्यांनी पाण्यानं भरलेल्या मोठ्या गंजात बुडवला, वर झाकण, झाकणावर वरवंटा आणि खाली गॅस फुल्ल. शेजारच्या विमलताईंनी कृती पाहू नये म्हणून खिडकीही बंद केली.

कोबी उकळली की तिचा वास कसा सुटतो हे ज्यानं अनुभवलं त्यालाच ठाऊक. तो वास दाराखालून निघाला, बैठकीत आला, तिथून गल्लीत उतरला आणि विमलताईंच्या ओसरीवर जाऊन बसला.

“अवं माय व! गॅस लीक झाला वो!” विमलताई ओरडल्या.

आत बसलेल्या पुंडलिकरावांनी नाक फुलवलं. खरंच की! त्यांनी बटण बंद केलं, कडी काढली आणि गल्लीत येऊन सवयीनं छाती भरून आवाज दिला, “इकडे लक्ष द्या! गल्लीतील सर्वांनी तात्काळ घराबाहेर यावे!”

सगळी गल्ली बाहेर आली. कोणी अर्ध्या दाढीनं, कोणी कणकेच्या हातानं. एक आजोबा तर पिशवी घेऊनच आले आणि विचारू लागले, “कुठची गाडी हाये?” विमलताईंनी दोन बाप्यांना हाताशी घेतलं, सिलिंडर रस्त्यावर आणवला आणि त्यावर ओलं पोतं टाकलं. सगळे लांब उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले, जसं काही तो आता बोलणारच होता.

बराच वेळ गेला. वास काही जाईना.

“सिलिंडर रस्त्यावर हाये,” लीलाबाई शांतपणे म्हणाल्या, “मंग वास घरातून कायले येऊन राह्यला?”

विमलताई नाकाला पदर लावून आत शिरल्या. वरवंट्याचा धप्पकन आवाज आला, मग झाकणाचा. त्या बाहेर आल्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “कोबीनं तुमचं काय वाईट केलं होतं?”

गल्ली अशी हसली की पोतंसुद्धा हललं! आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. नानाजी! “इवाई, स्टँडवर उतरलो. येतोच!”

पुंडलिकराव धावत आत गेले आणि पुन्हा कडी लावली. आता पानं सुटत होती, पण इतकी मऊ झाली होती की सारण भरून गुंडाळलं की आळस दिल्यासारखी उलगडायची. दोऱ्यानं बांधणं आलं! शिलाई मशीनचं पांढरं रीळ फडताळात मिळालं. कात्री मात्र बैठकीत, आणि बैठकीत विमलताईंसह अर्धी गल्ली पाणी पीत, हसत बसलेली. कात्रीसाठी तिकडे कोण जाणार? पुंडलिकरावांनी पहिली गुंडाळी बांधली, दोरा न तोडता दुसरी बांधली, मग तिसरी. शेवटी कापू म्हणाले. रस्सा ओतला, सिलिंडर परत आणवून जोडला, शिजवलं. तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि कात्री डोक्यातून साफ निघून गेली.

जेवायला पानं मांडली. लीलाबाईंनी विमलताईंच्या घरी वरण-भात करून ठेवला होता, पण पहिला मान कोबीचा! पुंडलिकरावांनी नानाजींच्या ताटात पळीनं एक गुंडाळी वाढली. दुसरी तिच्यामागे आपणहून आली. तिसरी गंजाच्या काठावर चढली, क्षणभर थांबली आणि टुपकन उतरली. चौथी निघालीच होती.

पुंडलिकरावांनी ती पळीनं अडवून धरली.

नानाजींनी ताटाकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. पण व्याह्याच्या घरी काय बोलावं? “वा!” ते जपून म्हणाले. “हे असं... जोडून वाढता काय तुमच्याकडे?”

“हाव!” पुंडलिकरावांच्या तोंडून निघून गेलं. “दोन इवाई पहिल्यांदा घरी जेवले की असंच अखंड वाढतात. दोरा तोडत नसतात. नातं अखंड राह्यते.”

लीलाबाईंना जोराचा ठसका लागला. नानाजींच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, मात्र भरल्या डोळ्यांनी ताटाला हात जोडले.

“मंग तुमीही बसा!” नानाजी म्हणाले. “नातं तं चौघायचं हाये!”

आता काय करता? चौघं बसले, चार ताटं, एक दोरा. नानाजींनी घास उचलला की पुष्पाबाईंची गुंडाळी ताटातून उडी मारायची. पुष्पाबाईंनी आपली ओढली की लीलाबाईंची गडगडत वरणात पडायची. दोरा तुटू नये म्हणून नानाजी पान दातांनी अलगद सोलून खात होते, जणू नातंच दातांत धरलं होतं. पुंडलिकराव तर जेवण सोडून दोऱ्यावरच नजर ठेवून होते.

जेवण होत आलं. नानाजी हात धुवायला उठले. दोऱ्याचं एक टोक त्यांच्या दाढेत अडकलेलं होतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते मोरीकडे चालले आणि उरलेल्या गुंडाळ्या ताटांतून उतरून, बदकाच्या पिलांसारख्या, फरशीवरून त्यांच्यामागे निघाल्या! पुंडलिकराव “थांबा!” म्हणेपर्यंत टक्कन आवाज झाला.

दोरा तुटला.

पुष्पाबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. “अशुभ झालं काय वो?” त्या पुटपुटल्या. पुंडलिकराव ताटावरून उठले. आपल्या थापेनं लेकीच्या संसारात काही कमीजास्त झालं तर? पाय धरून खरं सांगून टाकावं म्हणून ते वाकणार, तोच लीलाबाई पुढे झाल्या. त्यांनी फरशीवरची दोन्ही टोकं उचलली आणि करकचून गाठ मारली.

“तुटल्याशिवाय गाठ कशी बसन?” त्या म्हणाल्या. “आता पक्कं झालं.”

नानाजींनी मोरीतूनच टाळी वाजवली. पुंडलिकरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी वर्षाचा फोन आला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची.

“बाबा, मामाजीनं साऱ्या मुकुटबनात तुमची पद्धत सांगतली! पुतणीच्या लग्नात पंगतीले तेच ठेवून राह्यले. दोन्हीकडच्या सोयऱ्यायले एकाच दोऱ्यात! आचारी म्हणून तुमचं नाव सांगतलं.”

“असं म्हंते?” पुंडलिकराव घाबरले, पण मिशीला हात गेलाच. “किती पानं?”

“सहाशे.”

“पंगतीची,” पुंडलिकरावांनी भिंतीला टेकत विचारलं, “का कोबीची?”