तेल वाढवणारं इंजिन

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, शिकवण्यातून नाही. सकाळी सात वाजता ते अंगणातल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा नापास मुलासारखी मान खाली घालत होता.

"अहो, आज शेत नांगरून मिळणार आहे ना?" बायकोने दारातून विचारलं. तिच्या पाठीमागे कोबीच्या चार हजार रोपांचे ट्रे मांडलेले होते. महिनाभर तिने एकटीने ती जपली होती. लावणीला आधीच आठवडा उशीर झाला होता, मुळं ट्रेच्या भोकांतून बाहेर डोकावत होती. आज मातीत गेली नाहीत तर सगळी उकिरड्यावर जाणार होती.

"बारा वाजेपर्यंत शेत तयार. माझा शब्द आहे," मास्तर म्हणाले.

एवढ्यात मास्तरांचा धाकटा भाऊ आला. मोटारीच्या कारखान्यात, म्हणजे तिथल्या कॅन्टीनमध्ये, त्याने तीन वर्षं काढली होती. तेव्हापासून इंजिन या विषयावरचा शेवटचा शब्द त्याचाच असे.

"दादा, इंजिनाला धाड भरलेली नाही. मीटर खोटं बोलतंय."

दुकान उघडायला लावून नवं मीटर आणलं, बसवलं. त्याचाही काटा तसाच खाली आला.

"हेही खोटं निघालं," भाऊ म्हणाला. "हल्ली माल कुठे चांगला येतो!"

"तेल कमी म्हणावं, तर तेही नाही," म्हणत मास्तरांनी तेल मोजायची पट्टी उपसून मिरवली. "दोन महिन्यांत थेंब घातला नाही. उलट खुणेच्या वर गेलंय! लोकांची इंजिनं तेल पितात, आपलं वाढवतं." चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या या माणसाला तेल आपोआप वाढतंच कसं, हा प्रश्न पडला नाही. प्रश्न विचारायची सवय त्यांना होती, पडायची नव्हती.

बायकोने पट्टीला बोट लावून नाकाशी नेलं. "अहो, तेल पाण्यासारखं पातळ झालंय. आणि डिझेलचा वास येतोय."

"अगं, डिझेल इंजिनाला डिझेलचा नाही, तर काय अत्तराचा वास येणार?"

"वहिनी, तुम्ही चहाचं बघा," भाऊ म्हणाला, आणि दोघे पोटभर हसले.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. संसाराची तीस वर्षं झाल्यावर तरी माणसाने असल्या 'बरं'ला घाबरायला शिकावं. मास्तर मिस्त्रीला फोन करायला धावले.

मिस्त्रीने आल्या आल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. सगळं अंगण श्वास रोखून उभं राहिलं.

"गेलं."

"काय गेलं?"

"बेअरिंग. तीस वर्षं झाली, माझा कान चुकत नाही."

खालून तेल सोडलं. सात लिटर घातलेलं तेल आठ लिटरच्या बादलीत मावेना. ते उतू जाऊन भावाच्या नव्या चपलांवर आलं.

"बादली लहान असणार," मिस्त्री म्हणाला.

"दादा, घालताना तूच मोजायला चुकलास."

"मी? अरे, मी गणितही शिकवलंय!"

बेअरिंग उघडलं, ते धडधाकट निघालं. मयताला जावं आणि मेलेल्यानेच दार उघडावं, तसा मिस्त्रीचा चेहरा झाला. मग ऑइलचा पंप उघडला, तोही चांगला. साडेअकराला अर्धं इंजिन गोणपाटावर पसरलं होतं. तिघांना जेवायची शुद्ध नव्हती, आणि जेवायला कुणी हाक मारत नाही हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दोनच्या सुमारास मिस्त्री घाम पुसायला गेला आणि त्याचा तेलकट हात नाकाला लागला. तो थबकला. "मास्तर, या तेलात डिझेल आहे!"

"तेच मी सकाळपासून म्हणतोय," भाऊ म्हणाला.

"मला शंका होतीच," मास्तर म्हणाले.

इंजिनाला डिझेल पोचवणाऱ्या छोट्या पंपाचा पडदा फाटला होता. तिथून डिझेल झिरपत झिरपत तेलात उतरत होतं, आणि पातळ झालेलं तेल तापलं की दाब धरत नव्हतं. पडदा बदलायचं काम अर्ध्या तासाचं. उघडलेलं सगळं पुन्हा जोडायला मात्र दोन तास लागले. नवं तेल घातलं, इंजिन तापवलं, आणि काटा ताठ उभा राहिला!

तिघे ट्रॅक्टरवर चढून वाजतगाजत शेताकडे निघाले. दारातले ट्रे नाहीसे झाले होते, पण विजयी माणसांना असलं काही दिसत नसतं.

शेत नांगरून भुसभुशीत झालं होतं. त्यात कोबीच्या सरळ ओळी उभ्या होत्या. बायको आणि शेजारीण शेवटच्या ट्रेमधली रोपं लावत होत्या, आणि बांधावर शेजारणीचा ट्रॅक्टर उभा होता.

"अगं, जरा थांबायचं होतंस!" मास्तर दुखावले. "तेलात डिझेल उतरत होतं. मिस्त्रीने अचूक ओळखलं."

बायकोने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री आभाळाकडे पाहू लागला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मास्तर शेजारणीच्या ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून आले. "हा तर आमच्यापेक्षा जुना दिसतोय. बिघडत नाही का कधी?"

"बिघडतो की," शेजारीण माती झटकत म्हणाली. "पण लगेच दुरुस्त होतो. आमच्या घरात इंजिनातलं कुणालाच काही कळत नाही ना, मास्तर."