आवक ध्वनी, जावक ध्वनी

लॅपटॉपने माझ्याशी मराठीत वागावं, एवढी माफक अपेक्षा मी ठेवली आणि तिथून सगळं बिघडलं. माझी डॉक्टरेट शब्दार्थशास्त्रातली आहे. (प्रबंध तिघांनी वाचला, त्यात मला धरलं तर.) अशा माणसाने म्हातारपणी ‘सेटिंग्ज’ म्हणायचं का? मुलगी घरी आली होती, तेव्हा तिच्याकडून पडद्यावरच्या सगळ्या पाट्या मराठी करून घेतल्या. जाताना ती म्हणाली, “बाबा, आता कशालाही हात लावू नका.”

मी हात लावला. नुसता बघायला म्हणून.

‘ध्वनी’ या पाटीखाली दोन पट्ट्या होत्या. एक ‘आवक ध्वनी’, दुसरी ‘जावक ध्वनी’. मी कित्येक वर्षं विभागप्रमुख होतो. आवक म्हणजे आपल्याकडे येणारं आणि जावक म्हणजे आपल्याकडून जाणारं, हे कुठल्याही कचेरीत ठाऊक असतं. लोकांचं बोलणं मला नीट ऐकू यावं म्हणून मी आवक शेवटच्या टोकापर्यंत ओढली. आणि मी फोनवर ओरडतो, ही बायकोची कायमची तक्रार. तेव्हा सौजन्य म्हणून जावक अगदी तळाला नेली. (आयुष्यात सौजन्य जेव्हा जेव्हा दाखवलं, तेव्हा तेव्हा असंच झालं.)

दुसऱ्या दिवशी बातम्या लावल्या, तर निवेदिका कुणाचं तरी गुपित सांगत असल्यासारखी कुजबुजत होती.

दिवे गेले तरी आधी स्वतःचे डोळे चोळणारा मी माणूस. साहजिकच कानांवर संशय घेतला. मनगटी घड्याळ उजव्या कानाला लावलं, टिकटिक नाही. डाव्या कानाला लावलं, तिथेही नाही. बायको म्हणाली, “अहो, ते बंद पडलंय. मागेच सांगितलं होतं तुम्हाला.” हे मात्र मला लख्ख ऐकू आलं. म्हणजे कान शाबूत होते आणि दोष यंत्राचा होता! मग मी जो संतापलो, तो संतापलोच.

संतापायला कारणही तसंच होतं. रविवारी मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांशी लॅपटॉपवर बोलणं व्हायचं होतं. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. मुलगी त्या दिवशी त्यांच्याच घरी असणार होती. “बाबा, त्यांना घाईत काही ठरवायला आवडत नाही,” तिने बजावलं होतं. “तुमच्याशी बोलूनच ते हो-नाही सांगणार आहेत. तुम्ही कमी बोला आणि नीट ऐका.”

नीट ऐका! कशाने?

मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

“सर, आवाज वाढवून बघा.”

“वाढवलाय.”

“मग लॅपटॉप बंद करून चालू करा.”

“केला.”

“आता कसं वाटतंय, सर?”

“मला कसं वाटतंय ते सोडा हो! त्याला काय झालंय ते सांगा!”

पलीकडून त्यांनी फोन धरून ठेवायला सांगितलं आणि बासरी लावून दिली. ती मात्र कानठळ्या बसवणारी होती. म्हणजे आवाज यांच्याकडे भरपूर आहे, फक्त गिऱ्हाइकाला द्यायचा नाही! मी फोन आपटला, जुना दाताचा ब्रश घेतला आणि लॅपटॉपच्या पोटाखालच्या जाळ्या घासल्या. बिस्किटाचा चुरा निघाला, आवाज निघाला नाही.

रविवार उजाडला. पडद्यावर डॉक्टर, त्यांची पत्नी, आमची मुलगी आणि जावई होऊ घातलेला तो मुलगा असे चौघे ओळीने बसले होते. डॉक्टरांचे ओठ हलले. मला भिंतीपलीकडे डास गुणगुणावा तसं काहीतरी ऐकू आलं. मी वाकून कान थेट पडद्याशी नेला. (त्यांना तिकडे केवळ माझा कान दिसत होता, हे नंतर कळलं.)

“काय म्हणाले गं?” मी बायकोला अगदी हळू विचारलं.

“तुमचा कान स्वच्छ आहे, असं काहीतरी म्हणताहेत.”

“स्वतः मिशीत पुटपुटतो आणि माझा कान तपासतो! घशाचा डॉक्टर ना हा? आधी स्वतःच्या घशाचं बघ म्हणावं.”

पडद्यावर मुलीने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“अहो, हळू,” बायको कुजबुजली.

“हळूच बोलतोय. आणि तो मुलगा असा का बसलाय? डॉक्टरची बायको बघ, कशी टवकारून बघतेय. हसायलासुद्धा फी घेतात वाटतं.”

एवढ्यात मुलगी उठून पडद्याबाहेर गेली आणि बायकोचा फोन वाजला. “आई, लॅपटॉप बंद कर! बाबांचा शब्दन् शब्द इथे दुमदुमतोय. यांचा कुत्रा सोफ्याखाली जाऊन बसलाय!”

मी फोन हिसकावून घेतला. “अगं, पण मी आवक पूर्ण वाढवली होती. जावक...”

“बाबा, आवक लॅपटॉपची! तुम्ही बोलता ते त्याच्यात जातं, ती त्याची आवक. त्याच्यातून बाहेर येतं ती जावक.”

“त्याची? पट्ट्या वाचतो कोण, तो की मी? लॅपटॉप माझा, मग आवक त्याची कशी?”

“बाबा, बास.”

दुपारभर मी घरात येरझारा घालत होतो. एका डबड्याने स्वतःला साहेब समजून सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या बाजूने मोजायचा! चूक धडधडीत त्याची होती. (होती ना? बायकोला दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा दूध उतू जातंय असं सांगितलं.) पण पोरीचं लग्न माझ्या जिभेपायी मोडलं, या विचाराने घास उतरत नव्हता.

संध्याकाळी तिचा फोन आला. “हो म्हणाले, बाबा! पुढचं सगळं आईशी बोलणार आहेत, पण हो म्हणाले.”

मी लगेच विचारलं, “माझ्याबद्दल काही?”

“म्हणाले, तुमचे वडील फार स्पष्ट बोलतात.”

माझी छाती फुगली. मी बायकोकडे वळलो. “ऐकलंस? स्पष्टवक्तेपणाची कदर असलेली माणसं आहेत ही! विद्वानाची पारख विद्वानालाच असते.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “ते आवाजाबद्दल म्हणाले.”