उजवी बाही

रेणुकाचा पांढरा ब्लाउज तुकडे तुकडे होऊन पलंगावर पसरला होता आणि त्यातला कोणता तुकडा कुठला, हे तिच्या नवऱ्याला आता आठवत नव्हतं.

नवरा म्हणजे सिद्धोधन. कारकुनीतून निवृत्त झाल्यावर त्याला शिवणाचा नाद लागला. लेक भक्ती नोकरीसाठी संभाजीनगरला गेली, तिची मशीन घरात पडून होती. मोबाइलवर बघून त्यानं आधी पिशव्या शिवल्या. पिंगळीतल्या त्यांच्या गल्लीत त्याच्या पिशवीवाचून एकही घर राहिलं नाही. मग त्यानं खोळी शिवायला घेतल्या. उशा झाल्या, कूलर झाला, मिक्सर झाला, पाण्याच्या मोटारीलाही फुलाफुलांचा झबला चढला.

"आता मीच ऱ्हायले," रेणुका म्हणाली होती. "एका जागी उभी दिसले तर मलाबी खोळ घालताल."

त्याला ते लागलं. बायकोसाठी चांगला ब्लाउज शिवून दाखवायचाच, असं त्यानं ठरवलं. मोबाइलमधला शिंपी म्हणाला, अंगाला नीट बसणारा ब्लाउज उसवा, त्याचे तुकडे कागदावर ठेवा आणि तसाच कागद कापा. रेणुकाला नीट बसणारा ब्लाउज एकच होता. तो उद्या तिच्या भाचीच्या लग्नात पांढऱ्या साडीवर घालायचा होता. पण ती बचत गटाच्या बैठकीला गेली होती. ती येईपर्यंत तो पुन्हा जोडून ठेवता येईल, असा त्याचा हिशेब होता.

कागद कापताना कात्री जरा जास्तच आत गेली. वर ठेवलेला ब्लाउजही कापला गेला. उजव्या बाजूचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, तिथंच चीर पडली. ती झाकायला त्यानं शिवण आत घेतली. आणखी थोडी घेतली. ब्लाउज जोडून झाला, वरून इस्त्री फिरली. खुंटीवर तो अगदी पहिल्यासारखा दिसत होता.

सकाळी रेणुकानं घाईत तो घातला. हात खाली असेपर्यंत काहीच कळलं नाही. पॅसेंजरमध्ये चढल्यावर पिशवी वर ठेवायला तिनं हात उचलला आणि तो खांद्यापाशी पोचायच्या आधीच थांबला.

"अवो, माझा हात वर जाईना!"

सिद्धोधन खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. तीस वर्षांच्या संसारात त्या कानांनी त्याला कधीच साथ दिली नव्हती.

"काय केलाव तुमी?"

त्यानं सगळं सांगितलं. रेणुकानं पूर्णा स्टेशन येईपर्यंत तो हात पुन्हा पुन्हा उचलून बघितला. मग म्हणाली, "लग्नाघरी शंभर कामं असत्यात. थोरली बहीण म्हणून समदे माझ्या तोंडाकडं बघत्यात. अन् मी अशी लुळी जाऊ?" तिचे डोळे भरले होते. सिद्धोधनला गाडीतून उडी मारावीशी वाटली.

चुडाव्याला भावाच्या दारी, मांडवाच्या तोंडाशीच भावजय सुलाबाई उभी होती. "आल्या का आक्का! बरं झालं. पुऱ्या खोळंबल्यात, चला बिगीबिगी." असं म्हणून तिनं लांब दांड्याचा झारा रेणुकाच्या हातात दिला. रेणुकाचा हात कमरेशीच अडला. बायका बघायला लागल्या. रेणुकाची मान खाली गेली.

सिद्धोधनच्या तोंडून निघून गेलं, "तिचा हात आखडलाय. काम सांगू नका."

मांडवाच्या या टोकाला हात आखडला होता. मधल्या खांबापाशी नस दबली. मंडपवाल्यापर्यंत बातमी गेली तेव्हा आक्काला झटका आला होता आणि वाचा जायच्या बेतात होती. नवरदेवाकडच्यांना सोडून भाऊ सूर्यभान धावत आला.

"आक्का, मला वळखलंस का?"

"न वळखायला काय झालं? तुझ्या सदऱ्याचं बटन उघडं हाय, ते लाव."

वाचा शाबूत बघून सूर्यभानला हुंदका आला. त्यानं व्याह्यांसाठी ठेवलेली गादीची खुर्ची उचलून पहिल्या रांगेत मांडली आणि बहिणीला तीवर बसवलं. इतक्यात घरातली म्हातारी तानुआत्या तेलाची वाटी घेऊन आली.

"बाही वर सार गं. चोळून देते."

"तेल नको!" सिद्धोधन मध्ये पडला. "डाक्टरनं तेल बंद सांगितलंय."

"कोन्ता डाक्टर? नाव काय त्याचं?"

"परभणीचा हाय. लय मोठा. नाव सांगत न्हाई तो."

तानुआत्यानं त्याच्याकडे असं बघितलं, की आता ते तेल त्याच्याच डोक्याला लावील. पण सुलाबाईनं तिला वेगळीच आठवण करून दिली. "आत्या, आक्का बसल्या म्हणल्यावर पुऱ्या कोण तळील?"

सगळ्या बायकांनी एकदमच सिद्धोधनकडं बघितलं.

पुढं त्याला लग्नातलं काही दिसलं नाही. चुलीचा धूर दिसला आणि पुऱ्या दिसल्या. काही पुऱ्या फुगल्या, पुष्कळशा रुसल्या. एकदा तेल उडून बोटावर फोड आला. मांडवातून बुद्धवंदनेचे सूर आले, तेव्हा त्यानं तिथंच झारा बाजूला ठेवून हात जोडले.

रेणुका मात्र पहिल्या रांगेत होती. फुलं टाकायची वेळ आली तेव्हा तिनं ती कमरेपासूनच भिरकावली. ती नवरीपर्यंत न जाता पुढच्या पाहुण्याच्या टकलावर पडली. पाहुण्यानं वळून हात जोडले. भाच्यांनी तिला पहिल्याच पंगतीला बसवलं आणि एकीनं आग्रहानं जिलेबी वाढली.

निघताना सूर्यभान स्टेशनपर्यंत आला. "आक्का," तो म्हणाला, "आमच्या समद्यांच्या लग्नात तू चुलीपुढंच होतीस. तुला मांडवात बसलेली मी आज पाह्यली." त्यानं बहिणीच्या उजव्या हाताला जपून हात लावला आणि तो मागं फिरला.

गाडी सुटली. डब्यात गर्दी नव्हती. रेणुकानं नवऱ्याच्या बोटावरचा फोड पाहिला, त्याच्यावर हळूच फुंकर घातली.

"लय भाजलं का?"

"न्हाई. तुझं लगीन कसं झालं?" आपण काय विचारलं ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे, भाचीचं."

"लय चांगलं. नवरी हार घालताना रडती, अन् नवरदेव तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो. मला ठावंच नव्हतं. दर बारी मी भांड्यांपाशी."

सिद्धोधन म्हणाला, "घरी गेलो की बाही उसवतो अन् नीट लावतो. चूक झाली माझी."

रेणुकानं उजव्या खांद्यावर डावा हात ठेवला. "खबरदार हात लावला तर. म्होरच्या महिन्यात मानवतला रंगनाथ भावजींच्या पोरीचं लगीन हाय."

"बरं. मग असाच ऱ्हाऊ देतो."

"असाच कसा? मानवतची माझी जाऊ लय हुशार हाय. एका हातानं भाजी निवडायला बसवील." तिनं डावा हात त्याच्यापुढं धरला. "ह्या बाहीचीबी शिवण तेवढीच आत घ्या."