पद्मावतीनं बॅटरी काढली

नव्या फोनला घाईघाईनं जेवू घालायचं नाही, असं पद्मावतीनं ठरवलं आणि तिथून सगळा नास झाला. ठरवलं होतं चांगल्यासाठीच. (पद्मावती वाईटासाठी कधीच काही ठरवत नसे. वाईट आपलं आपण व्हायचं.)

शहरात, गौलीगुड्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा नामदेवराव बस डेपोतून रिटायर झालेला. कुठली बस कुठून सुटते हे त्याला झोपेतही सांगता येई, बाकी जगाशी त्याचा संबंध नव्हता. स्वतःचा फोनसुद्धा नव्हता. जवळ फोन ठेवला की बायको फोन करते, हे त्यानं ओळखलं होतं. मुलगा विक्रम शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरपुढं बसायला जायचा.

पद्मावतीचा जुना फोन मोठा गुणी होता. पाठ नखानं उचकटता यायची आणि आतून बॅटरी काढता यायची. तिच्याकडं दोन बॅटऱ्या होत्या, एक फोनात आणि एक चिमट्याच्या चार्जरला. दुपारी जेवणं झाली की ती फोनातली बॅटरी काढून खिडकीत ठेवायची. दिवसभर राबते बिचारी, तिलाही जरा पाठ टेकू दे, असं तिचं म्हणणं. घरात दुसऱ्या कुणाला दुपारी पाठ टेकायची परवानगी नव्हती.

बॅटरीचा आणखी एक उपयोग होता. फोनवर भांडण झालं की माणसं लाल बटण दाबतात. पद्मावतीला ते बुळचट वाटायचं. ती फोन उलटा करायची, पाठ काढायची आणि बॅटरी उपसून बाजूला ठेवायची. समोरचा बोलत असला तर अर्ध्या शब्दावर मरायचा.

असंच तिनं थोरल्या बहिणीला, शोभाअक्काला, एकदा मारलं होतं. भालकीला माय आजारी होती आणि अक्का तिचं सगळं करत होती. पद्मावती रोज फोन करून माय काय जेवली ते विचारायची आणि अक्कानं काय करायला पाहिजे ते सांगायची. एक दिवस अक्का म्हणाली, "पद्मे, तुझी माया फोनातली. हात लावायला ये म्हटलं की तुझी बस चुकती."

पद्मावतीनं बॅटरी काढली. पुढं माय गेली, ही मातीला जाऊन आली, पण बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत ते आजतागायत.

मग त्या फोनातली बॅटरी पुरीसारखी फुगली. पाठ बसेना म्हणून पद्मावतीनं फोनला साडीची किनार बांधली. विक्रमनं ते बघितलं आणि तो घाबरला. आई, हा बॉम्ब आहे, असं म्हणून त्यानं बॅटरी ऑफिसातल्या कचऱ्याच्या खास पेटीत नेऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी आईला नवा फोन आणला. काळा, गुळगुळीत, बांगडीसारखा चकचकीत. अर्ध्या तासात फुल होतो म्हणाला. पद्मावतीनं तो उलटासुलटा करून पाहिला. नखाला कुठंच फट लागेना.

"ह्याची बॅटरी कुठून काढायची?"

"काढायची नसते, आई. सील असते आतमध्ये."

"आणि मेली म्हणजे?"

"दोनतीन वर्षं चालते. मग लोक फोनच बदलतात."

"म्हणजे नवऱ्याचे दात पडले की नवरा बदलायचा," पद्मावती म्हणाली. नामदेवरावांनी तोंड मिटून घेतलं.

चार्जरला लावला की तो फोन तापायचा. पद्मावती कपाळाला हात लावावा तसा त्याला हात लावून बघायची. बकाबका खाल्लेलं अंगी लागत नाही, पोट तेवढं फुगतं, हे तिला फुगलेली बॅटरी बघून पटलेलंच होतं. म्हणून तिनं ठरवलं की फोनला थोडं थोडं द्यायचं. जरा लावायचा, ऊन लागला की काढायचा. त्यामुळे तिचा फोन कायम अर्धपोटी असे.

त्या शुक्रवारी सकाळी विक्रम ऑफिसला गेल्यावर भालकीहून अविनाशचा फोन आला. अविनाश अक्काचा मुलगा. त्यानं सांगितलं की आईनं अन्न सोडलंय. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. दुपारी औषध दिल्यावर ती थोडा वेळ शुद्धीत असते.

"तुझ्याशी बोलायचं म्हणतीय, मावशी. एकदाच. दुपारी लावतो. फोन चालू ठेव."

"मला दुपारी कामं असतात," पद्मावती म्हणाली आणि तांदळाच्या डब्यावर बसली.

फोनावर लाल रेघ दिसत होती. तिनं तो चार्जरला लावला. आज ठरलेलं मोडायचं, पोटभर खाऊ द्यायचं. पण मे महिना, वर पत्रा, खाली गॅसवर वरण. फोन इतका तापला की तव्यावरून उतरवल्यासारखा लागला. आता फुगतो आणि फुटतो, आणि अक्काचा आवाज आतल्या आत जळून जातो, असं तिच्या डोळ्यांपुढं आलं. जुना फोन तापला की ती बॅटरी काढून माठाच्या बुडाशी टेकवायची. निवली की परत घालायची. त्याशिवाय दुसरा उपाय तिला ठाऊक नव्हता.

"अहो, अडकित्ता आणा," ती म्हणाली.

नामदेवराव म्हणाले की विक्रम म्हणत होता, ते सील असतं. पद्मावती म्हणाली की सील तर लोणच्याच्या बरणीलाही असतं, म्हणून कुणी उपाशी राहतं का. नामदेवरावांनी अडकित्त्याचं टोक कडेला घातलं. तिनं फोन धरला. आधी पाठीला एक बारीक तडा गेला, मग पाठ अर्धी सुटली, आणि आतून कागदासारखी एक पातळ पट्टी ताणली गेली व टचकन तुटली. फोन निवला. अगदी कायमचा निवला.

तिकडं वरण करपलं.

नंबर सगळे फोनात. विक्रमचासुद्धा. नामदेवरावांना पाठ होते ते बसचे. शेवटी पद्मावतीनं नव्यातलं सिम काढून जुन्यात घातलं. ते बारकं, जुन्याची खाच मोठी. नामदेवरावांनी कॅलेंडरच्या कागदाची घडी करून बाजूनं पाचर मारली. सिम घट्ट बसलं. इतकं घट्ट, की नंतर शेजारणीच्या फोनात घालावं म्हटलं तर निघेना. मोबाईलवाल्या शकीलभाईकडं धावावं तर शुक्रवारची दुपार, तो कुलूप लावून नमाजला गेलेला.

राहिली ती दुसरी बॅटरी. ती विक्रमला सापडू नये म्हणून पद्मावतीनं तुरीच्या डाळीत पुरून ठेवली होती. होती, पण कधीची विझलेली. चिमट्याचा चार्जर विक्रमनं त्याच पेटीत टाकलेला, आणि नव्या चार्जरची पिन जुन्या फोनाला बसत नव्हती.

तेव्हा पद्मावतीला माळवद आठवलं. भालकीच्या घराचं मातीचं धाब्याचं छप्पर. टॉर्चचे सेल मंदावले की अक्का ते माळवदावर उन्हात मांडायची. तापलेले सेल घातले की टॉर्च परत थोडा वेळ उजेड द्यायचा. सेल कावळ्यांनी नेऊ नयेत म्हणून अक्का धाकटीला राखणीला बसवायची आणि स्वतःचा पदर तिच्या डोक्यावर धरून उभी राहायची. धाकटीला ऊन लागू नये म्हणून.

पद्मावती गच्चीवर गेली. बॅटरी स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि शेजारी छत्री घेऊन बसली. बॅटरीला ऊन, स्वतःला सावली. खालून नामदेवराव विचारायचे, झाली का. ती म्हणायची, भात आहे का तो.

चटका बसेल इतकी तापल्यावर तिनं ती पदरानं धरून फोनात घातली आणि बटण दाबलं. आणि फोन चालू झाला. पडदा उजळला, सुरुवातीची धून वाजू लागली. पद्मावतीनं दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. "अक्का," ती म्हणाली. अजून फोन आलाच नव्हता, पण ती म्हणाली. धून अर्ध्यावर आली आणि गळा दाबल्यासारखी थांबली. पडदा काळा.

मग त्या फोनानं पुन्हा डोळा उघडला नाही. ताटलीत ठेवलेली बॅटरी उन्हात हळूहळू फुगत राहिली.

नमाज आटोपून शकीलभाई आला तेव्हा पद्मावती त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली होती. त्यानं नवा फोन बघितला, अडकित्त्याची खूण बघितली. चिमट्यानं जुन्या फोनातलं सिम ओढलं. सिम निघालं, पण अर्धं. बाकीचं कॅलेंडरच्या कागदासोबत आत राहिलं.

"अम्मा, नया सिम बनाना पडता. कल चालू होता."

"मेरी भैन आज मर रई," पद्मावती म्हणाली.

शकीलभाईनं मान खाली घातली. "तो फोन कायकू करते, अम्मा," तो हळूच म्हणाला. "बसस्टँड तो पीछे च है."

हे तिला कुणीतरी सांगावं लागलं. बसस्टँडच्या मागं राहणाऱ्या बाईला. रिटायर झालेल्या डेपोवाल्याच्या बायकोला. तिनं घरी येऊन नामदेवरावांना विचारलं की भालकीला जायला बिदरची बस किती वाजता. त्यांनी एका दमात सगळ्या बसा सांगितल्या. मग आधी का नाही बोललात, असं तिनं दरडावल्यावर म्हणाले, "तू विचारलंस कुठं?"

ती बिदरला उतरली, बस बदलली. सगळ्या वाटेनं ती मनात बोलणं जुळवत होती. बॅटरी तापली होती, अक्का. ह्या नव्या फोनांना फट नसते, अक्का. मी तुझ्यासाठीच काढत होते, अक्का. दिवेलागणीला ती दारात पोचली तेव्हा सगळं तोंडपाठ झालेलं होतं.

अक्का खाटेवर होती. चादरीखाली माणूस आहे की नुसती चादर आहे, ते जवळ गेल्यावर कळायचं. तिनं डोळे उघडले, बहिणीकडं नीट बघितलं.

"परत बॅटरी काढलीस ना?"

पद्मावतीनं तोंड उघडलं. एवढं मोठं भाषण तयार होतं.

"हौ," ती म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा ती एका शब्दात हरली. मग खाली बसली आणि अक्काच्या पायांना हात लावला. पाय गार होते. ती चेपत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, फोनवर काय सांगायचं होतं. अक्का दम घेत घेत म्हणाली की येऊ नको म्हणणार होते. ऊन फार आहे. तुला लहानपणापासून ऊन सोसत नाही.

पद्मावतीनं पाय सोडले नाहीत. नाक पुसायला हात मोकळा नव्हता, ते तसंच गळत राहिलं.

अक्काच्या उशाला अविनाशचा फोन चार्जरला लावलेला होता. नवा, तसलाच गुळगुळीत. पद्मावतीची नजर तिकडं गेली आणि तिच्याही नकळत हात गेला, नुसता तापलाय का बघायला. अक्काचे डोळे मिटलेले होते.

"अविनाश," अक्का म्हणाली, "फोन वर ठेव. ही बसलीय इथं."

त्यानंतर ती बोलली नाही. सकाळी उन्हं वर येण्याआधी गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया भेटायला येऊ लागल्या. आपल्याकडं रीतच आहे, शेवटच्या घटकेला जवळ जो असतो त्याला सगळे विचारतात, काय बोलली हो शेवटचं. कुणाच्या तोंडात देवाचं नाव येतं, कुणी नातवाला हाक मारतं. ते शब्द मग घरात वर्षानुवर्षं सांगितले जातात. नामदेवराव विक्रमला घेऊन आले होते, त्यांनीही विचारलं. पद्मावतीचे चुलतदीर लक्ष्मणराव हात जोडून बसले, म्हणाले, "सांगा वहिनी, पुण्यवान तुम्ही, वेळेवर पोचलात."

खोटं बोलायची पद्मावतीला सवय नव्हती. शिवाय अविनाश कोपऱ्यात बसलेलाच होता. तिनं पदरानं डोळे पुसले आणि अक्काचे शेवटचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

बायांनी पदर तोंडाला लावले, आत रडत होत्या की काय करत होत्या ते देव जाणे. पण सतरंजीवर पद्मावतीच्या आसपास जे फोन पडले होते, ते एकेक करून गुपचूप उचलले गेले. सगळ्यात आधी विक्रमनं त्याचा उचलला.