भोये सरांचा 'कोणाकडून' हा रकाना

भोये सर बिस्किटाचा पुडा उघडण्यापूर्वी त्यावर तीन टिचक्या मारतात. कपाट, डबा, छत्री, लिफाफा, सगळ्यांना तोच मान. टक, टक, टक, मगच उघडणार. एकदा जव्हारच्या स्टँडवर त्यांनी एसटीच्या दारावर तीनदा वाजवलं, तेव्हा आतून कंडक्टर म्हणाला, "या गुरुजी, घर तुमचंच आहे."

सर आमच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचे. मी तिथेच ऑफिसात लिपिक. ते निवृत्त झाले, पण आमच्या घरांची भिंत एकच आहे. त्यामुळे माझ्या रोजच्या कामांच्या यादीत 'सर – दहा मिनिटे' अशी नोंद असतेच. दहा मिनिटांत ते काम आजवर कधी उरकलेलं नाही.

सरांचा विषय एकच, माणसाला स्वभाव येतो कुठून? त्यासाठी त्यांनी एक जाडजूड वही केली आहे. पानाच्या डोक्यावर माणसाचं नाव आणि खाली तीन रकाने: गुण, कोणाकडून, कितव्या पिढीत. अख्खा जव्हारचा बाजार त्यांनी या रकान्यांत बसवला आहे. मागे दोन भाजीवाले बसायच्या जागेवरून हातघाईवर आले. सर मध्ये शिरले आणि एकाला म्हणाले, "थांब रे. हा राग तुझा नाही. तुझ्या आज्याचा आहे. तोही आधी टोपी आपटायचा."

त्याने खाली पाहिलं. टोपी मातीत पडली होती. भांडण तिथंच विरलं आणि "अजून काय काय करायचा आजा?" असं विचारत तो सरांच्या मागे चहाच्या टपरीपर्यंत गेला.

"म्हणजे रागाचं जनुक असतं का हो सर?" मी एकदा विचारलं.

"एक नसतं, बाई. बारीक बारीक पुष्कळ असतात, आणि त्यात घरचं वळण मिसळतं. विज्ञानाच्या पुस्तकातल्या मटाराइतकं सोपं असतं, तर माझी वही कधीच पुरी झाली असती." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही यादीची खोड तुमच्या आईची."

"माझ्या आईला लिहिता येत नव्हतं."

"बाजाराला जाताना काय करायची?"

मला आठवलं. आई पदराला गाठी मारायची. मिठाची एक, तेलाची एक, माझ्या रिबिनीची एक. वस्तू घेतली की गाठ सोडायची.

"तीच यादी," सर म्हणाले. "फक्त पदराचा कागद झाला."

आईला जाऊन बरीच वर्षं झालीत. त्या दिवशी मी यादीतलं एकही काम केलं नाही.

ज्याला त्याला आपलं माणूस असं परत देणाऱ्या सरांचं स्वतःचं पान मात्र अर्धंच आहे. पहिला रकाना भरलेला: तीन टिचक्या, झोपताना कानावर हात, गंभीर प्रसंगी हसू. दुसरा कोरा. कारण जामसरला राहणाऱ्या त्यांच्या आईने त्यांना तान्हेपणी वीटभट्टीवरून आणलं. भट्टीवर बरोबर काम करणारी एक बाई तापाने गेली. तिचं चार महिन्यांचं पोर, म्हणजे सर, हिने उचललं आणि गावी आणलं. त्या बाईचं गाव, आडनाव कोणालाच ठाऊक नाही. म्हणून सर स्टँडवर, आठवडी बाजारात, शिरपामाळला फिरायला आलेल्या पाहुण्यांतसुद्धा लोकांचे हात बघत राहतात. कुणीतरी डबा उघडण्याआधी तीनदा वाजवेल. तो आपला.

गेल्या महिन्यात त्यांच्या या आईच्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म भरायला मी सरांबरोबर जामसरला गेले. म्हातारी अजून टुणटुणीत. "बस गं बाय," म्हणत ती आम्हाला द्यायला तांदूळ काढू लागली. कणगीपाशी वाकली, झाकणावर बोटं आपटली. टक, टक, टक.

मी सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे.

"हे काय हो आई?" मी विचारलं.

"आत इचू-काटा असला त सरकंल ना. यालाबी मीच शिकवलाय, रांगत व्हता तवा."

"सर, हे तुम्ही कधी पाहिलं नव्हतं?"

"लहानपणापासून पाहतोय," सर हळूच म्हणाले. "पण ते वळण झालं, बाई. रक्ताचं नव्हे. ते धरायचं नाही."

"का नाही?"

"ते धरलं, तर मग मी शोधायचं काय?"

म्हातारीला ऐकू कमी येतं असा आमचा समज होता. तांदूळ पिशवीत ओतता ओतता ती म्हणाली, "लावणीला आपला आवण कमी पडला का शेजारच्या राबातली रोपं आणून लावतो. मंग तो भात काय शेजारच्याचा व्हतो काय रं?"

सरांना हसू आलं. गंभीर प्रसंगी येतं ते.

मी लिपिक आहे. मला फॉर्म कळतात. मी म्हटलं, "सर, तुमच्या रकान्याचं नाव 'कोणाकडून' आहे. त्यात रक्त असं कुठं लिहिलंय?"

 सरांनी पिशवीतून वही काढली, तिच्यावर तीन टिचक्या मारल्या, उघडली आणि कोऱ्या रकान्यात पहिल्या ओळीत लिहिलं: आई. म्हातारीने विचारलं, "काय लिवलास?" सर म्हणाले, "तुझं नाव." ती म्हणाली, "मंग नीट लिव."

खालच्या ओळी त्यांनी तशाच कोऱ्या ठेवल्या.

परतीच्या एसटीत सर खुशीत होते. पिशवी मांडीवर, वही पिशवीत. गाडी घाट चढू लागली आणि मागच्या सीटवरून आवाज आला. टक, टक, टक. सरांची मान गर्रकन वळली. एक म्हातारा चुन्याच्या डबीवर बोट आपटत होता.

"बाबा," सरांचा आवाज बारीक झाला होता, "गाव कुठलं तुमचं?"

मी उठले आणि म्हाताऱ्याला पुढे बोलावून सरांशेजारची माझी जागा दिली.