वरून वाचता येणारे हॉटेल

केळापूर तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे पांढरकवड्यास, नागपूर-हैदराबाद रस्त्यालगत डोमाजीच्या मालकीचे 'अन्नपूर्णा उपाहारगृह' असून तेथे सकाळी सहापासून आलूबोंडे तळले जात, याबद्दल सन १९६४च्या जानेवारीपर्यंत कोणत्याही खात्याची काहीही तक्रार नव्हती.

बोंडे तळायची तानाबाई, डोमाजीची बायको. डोमाजी गल्ल्यावर बसे आणि बोंडे आपणच तळल्यासारखा बोले. हॉटेल मात्र त्याने स्वतः उभे केले होते. याच रस्त्याच्या कामावर सहा वर्षे गिट्टी फोडून त्याने चार पत्रे जमवले, ते बल्ल्यांवर चढवले आणि समोर आठ फुटी पाटी लावली. पाटी पाहून ट्रक थांबत, ड्रायव्हर उतरत आणि "अबे डोम्या, चार बोंडे दे" असे ओरडत. अठरा वर्षे हे असेच चालले होते. काही वाईट नव्हते, पण 'अबे डोम्या' त्याला मनातून लागे.

अशात एके दिवशी यष्टीतून पांढऱ्या कपड्यांतला एक एजंट उतरला. त्याने कातडी बॅगेतून एक गुळगुळीत पुस्तक काढून गल्ल्यावर ठेवले.

"हे काय जी?"

"'गगनसखा'. विमानात वाचायचे मासिक. आमच्या कंपनीच्या विमानात प्रत्येक खुर्चीच्या पाठीला एकेक अंक असतो. त्यात जाहिरात घ्यायला मी आलो आहे, डोमाजीशेठ."

"विमान इथं कुठं थांबते?"

"थांबत नाही. जाते. रोज सकाळी दहा वीसला, नागपूरहून हैदराबादकडे, बरोबर तुमच्या छपरावरून. आत अठ्ठावीस माणसे. सगळी मोठी. तुमच्या डोक्यावरून रोज अठ्ठावीस मोठी माणसे उपाशी जातात, शेठ, आणि तुम्हाला त्याचे काहीच वाटत नाही?"

डोमाजीला आजवर खरेच काही वाटले नव्हते. आता एकदम फार वाटू लागले. शिवाय दोनदा 'शेठ' ऐकून तो हरभऱ्याच्या झाडावर चढला होता आणि तेथून त्याला विमान स्पष्ट दिसत होते.

"अवो," तानाबाई झारा हातात घेऊनच बाहेर आली, "वरचा मानूस बोंडा खायाले खाली कसा येईन? छत्री उघडून उडी मारन का?"

"तुले धंद्यातलं काय समजते? तू तळ."

जाहिरात छापून आली. 'हवेत आहात? खाली आम्ही आहोत! अन्नपूर्णा उपाहारगृह, पांढरकवडा. बोंडा गरम, चहा कडक, जागा भरपूर.' डोमाजीने ते पान चौकटीत बसवून गल्ल्यामागे टांगले. दोन दिवस तो येणाऱ्याला आधी पान दाखवी, मग पाणी.

तिसऱ्या दिवशी ऊर्ध्वदर्शी जाहिरात पडताळणी कार्यालयाचे पत्र आले. असे कार्यालय आहे हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु कार्यालयाला गाव ठाऊक होते. पत्रात लिहिले होते: 'आपण "खाली आम्ही आहोत" असे जाहीर विधान केले आहे. सदर विधानाची सत्यता प्रवाशास हवेतून पडताळता येणे आवश्यक आहे. सबब आपला फलक छपरावर आकाशाभिमुख बसवावा. एका आस्थापनेस एकच फलक अनुज्ञेय असल्याने रस्त्याकडील फलक तात्काळ काढावा.'

डोमाजीने धर्मपाल पेंटरला बोलावले. पांढरकवड्यातली प्रत्येक पाटी धर्मपालच्या हातची होती, आणि प्रत्येक पाटीमागे त्याचा काही विचार असे.

"डोमाभाऊ, मी पाटी रंगवतो थे वाचनाऱ्याच्या तोंडाकडं पाहून. या पाटीचा वाचनारा कुठं उभा राहीन?"

"वर."

"वर म्हंजे कुठं?"

"तू रंगव ना बाप्पा! कायले डोकं खाऊन राह्यला?"

धर्मपालने जुनी पाटी उतरवली आणि पत्र्यांवर माणसाच्या उंचीएवढी अक्षरे काढली. शेजारी बैलगाडीच्या चाकाएवढा बोंडा काढला. बोंडा इतका हुबेहूब वठला की दुसऱ्याच दिवशी त्यावर दोन घारी उतरल्या. जाहिरातीचा गुण येऊ लागला, असे डोमाजीला वाटले.

मग निरीक्षक आले. काम वरून पाहण्याचे असले तरी त्यांना विमानाचा भत्ता मंजूर नव्हता, यष्टी आणि बैलगाडी एवढाच मंजूर होता. त्यामुळे ते हॉटेलासमोरच्या कडुनिंबावर चढले. डोमाजीने खालून शिडी धरली. निरीक्षकांनी फांदीवर बैठक मारून वही उघडली.

"छपरावर हे काड्यांचे काय आहे?"

"पऱ्हाट्या हायेत साहेब. कापसाच्या. उन्हाळा लागला, पत्रे तापतात, म्हून टाकल्या."

"अक्षरांच्या कडा झाकतात. काढा. हा धूर कसला?"

"चुलीचा जी. बोंड्याचा."

"धुरामुळे बोंडा दिसत नाही."

"पन साहेब, धूर नसन तं बोंडाच नसन."

"मी छपरावरच्या बोंड्याबद्दल बोलतो आहे. कार्यालयाचा संबंध त्याच्याशी आहे. विमान गेल्यावर चूल पेटवा. रोज वहीत 'विमान गेले' अशी वेळ टाकून सही करा, त्यानंतर पेटवा. आणि तिसरे म्हणजे हा कडुनिंब. याच्यामुळे 'पूर्णा' ही अक्षरे सावलीत जातात. तोडावा लागेल."

"साहेब, पन तुमी त्याच्यावरच बसले."

"म्हणून तर माझ्या हे लक्षात आले."

निरीक्षक उतरल्यावर कडुनिंब तोडण्यात आला. आठ दिवसांनी ते फेरतपासणीला आले तेव्हा चढायला झाडच नव्हते. तपासणी झाल्याखेरीज प्रमाणपत्र देता येत नव्हते आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत सर्व अटींचे पालन बंधनकारक होते. डोमाजीचे प्रकरण विचाराधीन ठेवण्यात आले.

एप्रिल लागला. पऱ्हाट्या गेल्या, कडुनिंब गेला, आणि यवतमाळकडचे ऊन काय असते ते ज्याने खाल्ले त्यालाच माहीत. पत्र्याखाली गिऱ्हाईक तर सोडाच, माशीही बसेना. डोमाजी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून रस्त्याकडे पाठ आणि आभाळाकडे तोंड करून बसे. विमान दहा वीसचे होते, पण ते कधी बाराला येई, कधी चारला, आणि कधी नागपूरलाच बसून राही. ते जाईपर्यंत चूल थंड.

एके दिवशी भावसिंगचा ट्रक पुढे जाऊन करकचून थांबला आणि धूळ उडवत मागे आला. भावसिंग जवळच्याच तांड्यावरचा. त्याचा आजा याच वाटेने बैलांवर मीठ लादून नेत असे. नातू ट्रकमध्ये सरकी नेई आणि येताजाता बोंडे खाई.

"डोमाभाऊ, पाटी कुठी गेली? मी तं सीधा आदिलाबादले चाललो होतो!"

"पाटी वर हाये."

भावसिंगने मान वर केली. त्याला पत्र्याची खालची बाजू दिसली.

"मंग मी काय ट्रक उडवत आनू? बरं, चा सांग."

"विमान गेल्यावर."

"कधी जाते?"

"आलं की जाते."

याला ऊन लागले की काय म्हणून भावसिंगने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तो निघून गेला.

एवढ्यावर भागले असते तरी बरे होते. पण डोमाजी विमानात छापून येतो आणि आपण येत नाही, हे बाजारपेठेला सहन झाले नाही. आधी कापडवाल्याने 'गगनसखा'त जाहिरात दिली, मग औषधवाल्याने, मग न्हाव्याने. एकेक करून सगळ्या पाट्या छपरावर चढल्या. रस्त्यावरून गावात एकही अक्षर दिसेना. दाढ दुखणारा एक म्हातारा दवाखाना समजून लोहाराकडे शिरला आणि लोहाराने त्याची दाढ काढूनही दिली. मुलीचे लुगडे घ्यायला आलेले एक कुटुंब दीड तास पिठाच्या गिरणीत बसून राहिले. कोणी तक्रार केलीच तर दुकानदार हसून म्हणत, "वरून पाहा ना, सगळं साफ लिवलं हाये." पांढरकवडा हे वरून वाचता येणारे जिल्ह्यातले पहिले गाव ठरल्याबद्दल गावकऱ्यांनी सभा भरवून स्वतःचे अभिनंदन केले. अध्यक्षस्थानी डोमाजी होता. घरी आल्यावर त्याला तानाबाईने गाठले.

"अवो, मी बोंडे कोनासाठी तळू? घारींसाठी?"

"येतीन ना! एक दिस येतीनच."

"आभाळातून?"

"हो, आभाळातून!"

"मंग तुमी बसा आभाळाकडं पाहत. मी चालली."

तिने कढई डोक्यावर घेतली, झारा कमरेला खोचला आणि रस्ता ओलांडला. पलीकडे भावसिंगने दिलेली जुनी ताडपत्री चार काठ्यांवर ताणून तिने चूल मांडली. पाटी नव्हती, त्यामुळे जाहिरात नव्हती, त्यामुळे कोणताही नियम तिला लागू होत नव्हता. संध्याकाळपर्यंत पलीकडे सात ट्रक उभे होते.

डोमाजी रिकाम्या हॉटेलात एकटाच बसला. सहा वर्षांची गिट्टी, अठरा वर्षांचे बोंडे, आणि आता समोर उलटी ठेवलेली बाकडी. त्याला रडू आले. तोंड आभाळाकडेच असल्यामुळे पाणी कानात गेले. आता कोणी 'अबे डोम्या' म्हटले असते तर त्याने उठून मिठी मारली असती.

आणि त्यानंतर नवव्या दिवशी, अहो काय सांगावे, विमान आले. म्हणजे खालीच आले. इंजिन खोकू लागले म्हणून वैमानिकाने ते बैलबाजाराच्या मोकळ्या मैदानात उतरवले. कोणाला खरचटलेही नाही. अठ्ठावीस माणसे शिडीवरून उतरली. सगळी मोठी, आणि सगळी उपाशी.

ती गावात आली आणि हॉटेल शोधू लागली. पाट्या कुठेच नव्हत्या. शेवटी विचारलेल्या चौथ्या माणसाने हात धरून त्यांना अन्नपूर्णेत आणून सोडले. डोमाजी धडपडत उठला. त्याने दुपट्ट्याने बाकडी पुसली.

"या साहेब, या! जाहिरात वाचली ना?"

"कसली?" टाय बांधलेल्या एका लठ्ठ गृहस्थांनी विचारले.

"'गगनसखा'तली. वरून पाटी दिसली असन? बोंडा दिसला असन?"

"छे हो, विमान सुटले की आम्ही झोपतो. खायला काय आहे?"

तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, असे म्हणून डोमाजी कामाला लागला. त्याने मागच्या खोलीतून दुसरी कढई काढली, लाकडे रचली आणि काडी ओढली. इतक्यात दारातून आवाज आला, "थांबा!" निरीक्षक होते. ते प्रकरण अजून विचाराधीन आहे हे पाहायला आले होते.

"विमान गेले का?"

"नाही जी. आलं."

"वहीत विमान गेल्याची नोंद झाल्यावर चूल पेटवायची, असा नियम आहे. विमान गेलेले नाही."

"साहेब, थे बैलबाजारात उभं हाये! नागपूरहून मिस्त्री येईन, उद्या दुरुस्त होईन, तवा जाईन!"

"मग उद्या पेटवा."

"पन ह्ये मानसं आज उपाशी हायेत ना बाप्पा!"

"हे गृहस्थ आता हवाई प्रवासी नाहीत. पादचारी आहेत. त्यांच्यासाठी तुमची जाहिरातच नाही."

अठ्ठावीस माणसांनी हा संवाद तापल्या पत्र्याखाली पाच मिनिटे ऐकला. मग पलीकडून तळणाचा वास आला आणि ती उठून रस्ता ओलांडून गेली.

"बाई, हेही अन्नपूर्णाच का?" लठ्ठ गृहस्थांनी ताडपत्रीखाली वाकून विचारले.

"अन्नपूर्णा थे. बोंडा हा," तानाबाई म्हणाली आणि घाणा काढला.

त्यांनी त्या दिवशी इतके बोंडे खाल्ले की आलू संपून तिने शेवटी नुसती मिरची तळली. निरीक्षकांनीही सहा बोंडे खाल्ले आणि 'येथे फलक नसल्याने तपासणीचा प्रश्न उद्भवत नाही' अशी नोंद करून सातवा मागवला.

पुढच्या महिन्यात 'गगनसखा'त दोन पानी लेख आला. लठ्ठ गृहस्थांनीच लिहिला होता. 'अन्नपूर्णा उपाहारगृह, पांढरकवडा येथील बोंड्यासाठी विमान खाली उतरवावे लागले,' अशी त्याची सुरुवात होती. सोबत छपराचे आकाशातून घेतलेले छायाचित्र होते. ताडपत्री त्यात एका ठिपक्याएवढी होती आणि तो ठिपकाही छापताना पुसून टाकला होता. छायाचित्रावरूनच तपासणी झाली असे मानून पाठोपाठ कार्यालयाचे प्रमाणपत्र आले, ढाल आली, आणि नागपूर, यवतमाळ, अमरावतीहून मोटारी येऊ लागल्या.

आता अन्नपूर्णेत बसायला जागा नसते. प्रमाणपत्रातही तीच अट घातल्यामुळे चूल अजूनही विमान गेल्याशिवाय पेटत नाही, म्हणून डोमाजी मागच्या दाराने फडके झाकलेली परात घेऊन रस्ता ओलांडतो, तानाबाईच्या कढईतले बोंडे आणतो आणि दीडपट भावाने वाढतो. खाणारे घामाने निथळत, रुमालाने मान पुसत म्हणतात, "वा शेठ! विमानातल्या हॉटेलाचा बोंडा तो बोंडा. नाहीतर तो समोरचा ताडपत्रीवाला!" डोमाजी मान डोलावतो. पलीकडे सावलीत भावसिंग पाय पसरून त्याच घाण्यातला बोंडा खात असतो. त्याला आत बसायला कोणी बोलावत नाही आणि त्यालाही यायचे नसते.

हे वाचून तुम्ही हसलात आणि मनाशी म्हणालात की पांढरकवड्याला गेलो तर आपण मात्र ताडपत्रीखालीच बसू. म्हणा. तानाबाई रस्त्यावर नजर ठेवून तळत असते. तुमच्यासारखे कोणी मोटारीतून उतरताना दिसले की ती काही विचारत नाही. त्यांचे बोंडे ती आधीच परातीत टाकते आणि हाक मारते, "अवो, तुमचे लोक आले, घेऊन जा!"