पाहुणे आधी!

स्वतःची टिमकी वाजवत नाही, पण गावात नर्स प्रॅक्टिशनर आणली ती मीच! डॉक्टर मिळायची आशा आम्ही केव्हाच सोडली होती. निदान तपासून औषध लिहून देणारं कुणीतरी हवं होतं. माझी बायको व्हर्ना चार पायऱ्या चढली तरी तिला धाप लागते, आणि शहर गाडीने तीन तासांवर.

तमारा क्लासन यायला तयार झाली, तसा मी हायवेवर भलामोठा बोर्ड लावला. 'आमच्याकडे नर्स आली! शनिवारी जेवायला या!'

"हायवेवर कशाला?" व्हर्ना म्हणाली. "गावाला माहीतच आहे की!"

"अगं, शेजारच्या पाइन क्रीकला कळू दे! दरवर्षी हॉकीत माज दाखवतात. जळू दे मेल्यांना!"

ते जळले नाहीत. जेवायला आले. गाड्या भरभरून!

बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये रांग एकच. आधी तमाराची मदतनीस ब्रिजेट पेशंटची नावं लिहून घेत होती, पुढे हॅम, त्यापुढे केक. आमची माणसं पुढे घुसायला लागली, तसा मी खुर्चीवर चढून ओरडलो, "लाज आहे की नाही? पाहुणे आधी!"

आमची माणसं सभ्य. "सॉरी, सॉरी" म्हणत मागे सरली. व्हर्ना तर आत भांडी विसळत होती.

केक संपल्यावर मी ब्रिजेटकडे गेलो.

"काका, यादी भरली. आता नवीन पेशंट घेता येणार नाही."

"भरली? कुणी भरली?"

"पाहुण्यांनी. तुम्हीच म्हणालात ना!"

तमारा बिचारी ओशाळली. "एकटीने किती जणांना बघू? एखादं नाव गळलं की व्हर्नाकाकूंनाच घेते."

म्हणून काल व्हर्नाला घेऊन पाइन क्रीकला गेलो. यादीत पहिलं नाव ऑर्व्हिल डिकचं. वय ऐंशी, तब्येत बैलासारखी!

"ऑर्व्हिल, तू कशाला रे नाव घातलंस?"

"मला वाटलं, जेवणाचीच रांग आहे!"

"मग काढ की आता! व्हर्नाला श्वास पुरत नाही रे."

तो जरा घुटमळला. "वाईट वाटतं रे. पण मिळालंय तर असू दे. उद्याचं कुणी सांगावं? बरं, आलाच आहेस तर शिडी धर. छपरावरचा बर्फ काढायचाय."

माझ्या मनात काय आलं, ते लिहीत नाही. व्हर्ना गाडीत बसून धापा टाकत होती, काचेतून माझ्याकडेच बघत होती.

मी शिडी धरली. चांगली घट्ट धरली! आमचं गाव सभ्य आहे ना.